पाणी किती उंच चढवायचंय?

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून लिहिलं आहे.)

 

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी तयारीही केली होती. पण चार दिवसांपूर्वी कुणीतरी माझ्या गाडीचा फोटो आपल्या ग्रुपवर टाकला आणि मेसेजांचा पाऊस पडला. कुणी अभिनंदन केलं, कुणी किंमत विचारली, आणि आपला एक मित्र, ज्याचं गॅरेज तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे आणि जो आत्ता तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलाय, त्याने लिहिलं, “पोर्शे घेतलीस, आणि ती पण चार सिलिंडरची?” खाली हसणारे चेहरे मी मोजले. सतरा होते.

तर आज मी विषय बदलते. मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. प्रश्न चांगला आहे. मी स्वतः त्यावर सहा महिने घालवलेत.

आधी गाडीबद्दल. मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते आणि कारखान्यातल्या यंत्रांच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिते. २०२२ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मी साठवलेल्या पैशातून एक जुनी, म्हणजे सेकंडहँड बॉक्स्टर घ्यायचं ठरवलं. दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी. इंजिन सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे. बाजारात माझ्या बजेटमध्ये दोन प्रकारच्या बॉक्स्टर होत्या. पहिली २०१२ ते २०१६ मधली, सहा सिलिंडरची. दुसरी २०१६ नंतरची, ‘७१८’ नावाची, चार सिलिंडरची आणि टर्बो बसवलेली. मला मागितलेल्या किमती जवळजवळ सारख्याच होत्या. म्हणजे पैसा निर्णय करून देणार नव्हता, तो मलाच करायचा होता.

टर्बो म्हणजे काय ते आपल्याला शाळेतच शिकवलं होतं, फक्त नाव सांगितलं नव्हतं. आठवीत शास्त्राच्या बाईंनी सायकलचा पंप आणला होता. पंपाच्या तोंडावर बोट दाबून दट्ट्या खाली ढकलायला लावला होता. हवा दाबली की तेवढ्याच जागेत जास्त मावते हे पहिलं, आणि दाबली की गरम होते हे दुसरं. पंपाचं नळकांडं गरम लागलं म्हणून आपण ओरडलो होतो. बाई, तुम्ही इथे आहात. त्या एका तासात तुम्ही टर्बोचार्जर आणि इंटरकूलर दोन्ही शिकवलेत.

इंजिन हवा ओढतं, इंधन मिसळतं आणि जाळतं. जितकी हवा, तितकंच इंधन जळणार. साधं इंजिन वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढ्यावर भागवतं. जास्त ताकद हवी असेल तर दोन मार्ग. एक, इंजिन मोठं करा, सिलिंडर वाढवा. दोन, तेवढ्याच इंजिनात हवा दाबून कोंबा. १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने दुसऱ्या मार्गाचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून जो गरम धूर फुकट बाहेर जातो, त्याच्यावर एक पंखा फिरवायचा, आणि त्याच दांड्यावर दुसरा पंखा बसवून त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात पाठवायची. दाबलेली हवा गरम होते म्हणून वाटेत ती गार करायची. हे झालं टर्बो. यातले पंखे मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारू शकतात.

आता आकडे. सहा सिलिंडरची जी बॉक्स्टर मी पाहत होते तिचं इंजिन २.७ लिटरचं, २६५ हॉर्सपॉवरचं. चार सिलिंडरचं टर्बो इंजिन २ लिटरचं, पण ३०० हॉर्सपॉवरचं. शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग गाठायला, हाताने गिअर टाकायच्या गाडीत, जुनीला ५.८ सेकंद लागतात आणि नवीला ५.१. कंपनीने दिलेला पेट्रोलचा आकडा १०० किलोमीटरला ८.२ लिटरवरून ७.४ वर आला. युरोपात धुरातल्या कार्बन डायऑक्साइडचे नियम कडक होत गेले आणि कंपन्यांनी इंजिनं लहान केली, त्यातलाच हा बदल. जर्मनीत पेट्रोल गाडीच्या वार्षिक करात दर १०० सीसीला २ युरो मोजतात, त्यामुळे माझा करही थोडा कमी झाला.

कागदावर पाहिलं तर विषय संपला. पण संपला नव्हता, कारण ज्याला विचारलं तो सहाच्याच बाजूने होता. ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, “आयुष्यात एकदाच घेणार आहेस ना? मग खरी घे.” दुसरा म्हणाला, “चार सिलिंडरची पोर्शे म्हणजे बिनमिशांचा पैलवान.” नाही, हे दुसरं मी जर्मनमधून आपल्या भाषेत आणलंय. त्याने जे म्हटलं होतं ते गुरुजनांपुढे सांगण्यासारखं नाही.

‘खरी’ हा शब्द मात्र मला लागला. तो का लागला ते सांगते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माझी पुढची गोष्ट माहीत नाही.

बारावीनंतर मी मेकॅनिकलला गेले. घरातले काका-मामा नको म्हणत होते. वर्गात साठ जण, त्यात आम्ही तिघी. वर पुण्या-मुंबईकडच्या मुली माझ्या ‘मी येतो, मी जातो’ला हसायच्या. आपल्याकडे कोल्हापुरात मुली असंच बोलतात हे त्यांना पटायचंच नाही. मला इंजिनवर काम करायचं होतं. २००२ मध्ये कॅम्पस इंटरव्ह्यू आले तेव्हा मंदी होती. एका कारखान्याच्या मुलाखतीत सगळी उत्तरं बरोबर आली. शेवटी साहेबांनी फाइल मिटली आणि म्हणाले, “शॉपफ्लोअरवर तीन पाळ्या असतात. मुलींना कसं ठेवणार?” तेव्हाच्या फॅक्टरी कायद्यात बायकांना रात्रपाळीची बंदी होती, त्यामुळे त्यांना वाद घालायची गरजही नव्हती. पुढच्याच आठवड्यात एका सॉफ्टवेअर कंपनीने मला घेतलं. आमच्या आण्णांनी दोन दिवस त्यावर चकार शब्द काढला नाही.

त्यानंतर वीस वर्षं कुणी विचारलं की मी सांगायचे, “सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण मूळची मेकॅनिकल.” ते ‘मूळची’ माझ्या तोंडातून जायलाच तयार नव्हतं. आपण खऱ्या इंजिनिअर झालो नाही, दुसऱ्या पसंतीचं काहीतरी झालो, असं आत कुठेतरी बसलं होतं. म्हणून ‘खरी घे’ म्हटल्यावर मला सहा सिलिंडरच घ्यावीशी वाटू लागली. गाडीसाठी नव्हे, त्या मिटलेल्या फाइलीसाठी.

इथे आण्णा येतात.

तुमच्यातल्या अनेकांनी आमची शेड पाहिली आहे. उद्यमनगरात, पत्र्याची. आण्णा तिथे ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे आणि जुनी इंजिनं नीट करून विकायचे. एक सिलिंडरचं, साडेपाचशे सीसीचं, मिनिटाला १५०० फेऱ्यांचं, पाच हॉर्सपॉवरचं इंजिन. माझ्या गाडीचं इंजिन त्याच्या चौपटीपेक्षा कमी आकाराचं आणि ताकद साठपट, असं मी एकदा त्यांना फुशारकीने सांगितलं. ते म्हणाले, “आन् ते रात्रभर हिरीवर चालंल काय?” नाही चालणार, हे मला मान्य करावं लागलं.

शेडमध्ये गिऱ्हाईक आलं की माणूस म्हणायचा, दहा हॉर्सपॉवर दाखवा. शेजारच्याने दहाचं घेतलेलं असायचं. आण्णा आधी त्याला चहा द्यायचे आणि विचारायचे, “पाव्हणं, हीर किती खोल हाय? पाणी किती उंच चढवायचंय? पाइप किती इंची?” मग पेन्सिलीने पत्र्यावर हिशोब. दहापैकी सात वेळा पाचचं इंजिन पुरायचं. मोठं इंजिन कमी लोडवर चालवलं की काजळी धरतं आणि डिझेल जास्त पितं, हे ते समजावून सांगायचे. मी कोपऱ्यात बसून गृहपाठ करताना हे शेकडो वेळा ऐकलं. इंजिन निवडायचं ते कामावरून. कॉलेजच्या चार वर्षांत याच गोष्टीला मोठं इंग्रजी नाव होतं, पण शिकले मी शेडमध्ये.

तर मी आण्णांना मेसेज केला. फोन नाही, कारण त्यांना आता ऐकू फार कमी येतं. चाळीस वर्षं पत्र्याच्या बंद शेडमध्ये सायलेन्सर नसलेली इंजिनं चालवून पाहिली, कानाला कधी काही लावलं नाही. दोन्ही गाड्यांचे आकडे मी लिहून पाठवले आणि विचारलं, कुठली घेऊ? दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: “पाणी किती उंच चढवायचंय?”

मग मी शहाण्यासारखी वही घेतली. दोन्ही गाड्या मला चालवून बघायला मिळणार होत्या. दोन्हींसाठी मी एकच रस्ता ठरवला: गावातून बाहेर, शेतांमधून, आणि मग श्वेबिश आल्ब नावाच्या डोंगराच्या कडेने नागमोडी चढण. आपल्या आंबा घाटाची धाकटी बहीण म्हणा. शेजारच्या सीटवर माझी लेक, हातात वही. दर अर्ध्या मिनिटाला तिने फेऱ्यांचा काटा बघून आकडा लिहायचा. पहिल्या दिवशी तिने हे आनंदाने केलं, दुसऱ्या दिवशी पिझ्झा कबूल केल्यावर.

वहीत जे दिसलं त्याने माझे डोळे उघडले. दोन्ही गाड्यांत काटा बहुतेक वेळ २००० ते ४००० च्या मध्ये होता. ४५०० च्या वरच्या नोंदी बोटांवर मोजण्याइतक्या. आणि ते साहजिक होतं. जर्मनीत गावात ५०, गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर १०० ची मर्यादा. या गाड्या दुसऱ्या गिअरमध्येच ती ओलांडतात.

आता इंजिनांचे आकडे यावर ठेवा. चाक फिरवणारा जो जोर असतो, टॉर्क, तो सहा सिलिंडरच्या इंजिनात जास्तीत जास्त २८० न्यूटन-मीटर, आणि तो मिळतो ४५०० ते ६५०० फेऱ्यांना. चार सिलिंडरच्या टर्बोत तो ३८०, आणि मिळतो १९५० ते ४५०० ला. म्हणजे मी जिथे गाडी चालवते, बरोबर तिथेच. २००० फेऱ्यांना टर्बो साधारण १०८ हॉर्सपॉवर देतं. सहाला त्याच फेऱ्यांवर तिचे पूर्ण २८० दिले असं जरी धरलं, जे ती तिथे देत नाही, तरी हिशोब ८० च्या पुढे जात नाही. सहा सिलिंडरचं इंजिन उत्तम होतं, पण त्याची विहीर खोल होती. माझं पाणी वरच्यावर होतं.

आणि कधी उंच चढवायचंच झालं तर? दर उन्हाळ्यात आम्ही आल्प्समध्ये जातो. वर हवा विरळ होते. साध्या इंजिनाला तिथे हवाच कमी मिळते, म्हणून ताकद घटते. टर्बोचा पंखा जास्त जोरात फिरून बरीचशी तूट भरून काढतो. हे नवीन नाही. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस या इंजिनिअरने विमानाचं एक इंजिन पाइक्स पीक नावाच्या १४ हजार फूट उंच डोंगरावर नेलं. खाली साडेतीनशे हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन वर गेल्यावर २३० वर आलं, आणि टर्बो लावल्यावर पुन्हा साडेतीनशेच्या पुढे गेलं. टर्बोला नाव मिळालं ते अशा चढणीवर.

‘चार म्हणजे खोटी’ याचाही मी थोडा शोध घेतला. ७१८ हे नाव पोर्शेने १९५७ च्या आपल्या शर्यतीच्या गाडीवरून घेतलं. तिला दीड लिटरचं, चार सिलिंडरचंच इंजिन होतं, आणि त्या घराण्यातल्या गाड्यांनी सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ ही डोंगरी शर्यत १९५९ आणि १९६० साली जिंकली. १९८३ मध्ये फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झालेला नेल्सन पिके ज्या ब्रॅबम गाडीत बसला होता, तिचं बीएमडब्ल्यू इंजिनही चार सिलिंडरचं, दीड लिटरचं टर्बो होतं. त्याचा ब्लॉक रस्त्यावरच्या साध्या गाडीच्या इंजिनावरून घेतलेला होता. मित्रा, हे तुझ्यासाठी.

पण मी वकिली करायला उभी नाही. जे गमावलं तेही सांगते. सहा सिलिंडरची गाडी मी एकदाच, एका मोकळ्या चढावर, ६००० च्या वर नेली. तो आवाज मला शब्दांत सांगता येणार नाही. अंगावर काटा आला, आणि लेक लिहायची थांबली. चारमध्ये ते नाही. सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीत तीन स्फोट होतात, चारमध्ये दोनच, आणि धुराच्या वाटेत टर्बोचा पंखा आडवा बसलेला. आवाज जाडाभरडा येतो. शिवाय कमी फेऱ्यांवर असताना पाय दाबला तर टर्बोला जागं व्हायला एक क्षण लागतो आणि मग जोर एकदम येतो. ओल्या रस्त्यावर ते लक्षात ठेवून पाय ठेवावा लागतो. आणि कागदावरचं ७.४ लिटर विसरा. माझ्या वहीत सरासरी ९ च्या आसपास आहे. चढावर रेटली तर टर्बो हात राखून पीत नाही. पोर्शेने स्वतः २०२० मध्ये याच गाडीच्या महागड्या प्रकारात सहा सिलिंडरचं ४ लिटरचं इंजिन परत आणलं. आवाजाची आठवण काढणारे वेडे नव्हते.

आणखी एक गंमत. २०२४ च्या जुलैपासून युरोपीय संघात नेहमीच्या पेट्रोल बॉक्स्टरची विक्री थांबली. कारण धूर नव्हता की सिलिंडर नव्हते. गाड्यांच्या सायबर-सुरक्षेचे नवे नियम लागू झाले आणि गाडीची जुनी इलेक्ट्रॉनिक रचना त्यात बसत नव्हती. इंजिन ठणठणीत, आणि अडलं सॉफ्टवेअरपाशी. त्या दिवशी ऑफिसात मी कॉलर ताठ करून फिरत होते.

विनोद सोडा, पण याच विचाराने माझा निर्णय पक्का केला होता. टर्बो जुना शोध आहे. सत्तरच्या दशकातल्या टर्बो गाड्या उशिरा आणि धक्क्याने जोर देण्यासाठी बदनाम होत्या. आजचं टर्बो त्यातून सुधारलं ते निम्मं चांगल्या धातूमुळे आणि चांगल्या पंख्यांमुळे, आणि निम्मं आतल्या संगणकामुळे. हवा जास्त दाबली की पेट्रोल वेळेआधी पेटतं, इंजिन ठोके देतं, पिस्टन फुटू शकतो. म्हणून टर्बो इंजिनात मुळात दाब कमी ठेवतात. सहाचं कॉम्प्रेशन १२.५ आहे, चारचं ९.५. त्यावर ब्लॉकला लावलेला सेन्सर ठोक्याची चाहूल घेतो, आणि सॉफ्टवेअर क्षणात ठिणगी मागे घेतं, किंवा धुराची वाट बदलून पंखा हळू करतं. आमच्या शेडमध्ये आण्णा स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून बसायचे, तेच काम हा सेन्सर सेकंदाला शेकडो वेळा करतो. हे वाचत असताना माझ्या लक्षात आलं की या इंजिनात मला शिकलेल्या दोन्ही गोष्टी दिसतायत. मेकॅनिकल सोडून मी परक्या घरी गेले नव्हते. इंजिनच माझ्या मागोमाग तिकडे आलं होतं. त्या दिवसापासून मी ‘मूळची’ म्हणायचं सोडलं.

मी चार सिलिंडरची घेतली. निळी, हाताने गिअर टाकायची.

२०२३ च्या उन्हाळ्यात आण्णा महिनाभर आले. त्यांना घेऊन मी स्वित्झर्लंडमधल्या फुर्का घाटात गेले. २४२९ मीटर. तिथे हवेचा दाब आपल्या कोकणकिनाऱ्याच्या पाऊणपटच असतो. टप उघडा, आण्णांच्या डोक्यावर लोकरीची टोपी, कानातलं यंत्र वाऱ्याने घूं घूं करतं म्हणून काढून खिशात. ते काही बोलत नव्हते. त्यांनी डावा हात सीटच्या मागे नेऊन इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यावर सपाट ठेवला होता, आणि सगळी चढण तो तिथेच होता. ऐकू येईनासं झाल्यापासून ते इंजिन हातानेच बघतात. वळण संपलं, मी तिसऱ्या गिअरमध्येच पाय दाबला, गाडी वर गेली. पुन्हा वळण, पुन्हा तेच.

माथ्यावर उतरल्यावर ते इंजिनाच्या बाजूने एक फेरी मारून आले. या गाडीचं इंजिन वरून दिसतच नाही, झाकण उघडलं की सामानाची जागा लागते, हे त्यांना बिलकूल आवडलं नाही. मग म्हणाले, “दम लागला न्हाई हिला.”

एवढंच. मला ते पुरलं. ती फाइल मिटून एकवीस वर्षं झाली होती, आणि त्या माथ्यावर मला पहिल्यांदा तिची आठवण येऊनही काही वाटलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “आवाज कसा हाय गं?”

मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने ओरडले, “आण्णा, जरासा ट्रॅक्टरसारखा!” शेजारी उभे असलेले दोघे स्विस दचकले. आण्णा हसले. “मग चांगलाच म्हणायचा.”

तर मित्रा, हे तुझं उत्तर. तुझ्या गॅरेजच्या पाट्याशी मी आल्प्स मोजत नाही. तू म्हणशील की सहाच हवी होती, तर तुझ्यासाठी ती बरोबर असेलही. तुझी विहीर तुला माहीत. तिकडे ये, किल्ली तुझ्या हातात देते, पेट्रोल तू भर.

बाकीच्यांना एवढंच सांगते, कारण आपली मुलं आता शाखा निवडायच्या, नोकऱ्या निवडायच्या वयात आली आहेत. ती काही निवडायला बसली आणि शेजारच्याने दहाचं घेतलंय म्हणून दहाचं मागू लागली, तर आधी त्यांना चहा द्या. मग आण्णांचा प्रश्न विचारा. आणि उत्तरासाठी त्यांना वही द्या, कारण आपल्याला वाटतं तिथे आपण गाडी चालवत नसतो, हे मला लेकीच्या वहीने दाखवलं.

आण्णा आज इथे नाहीत. गुडघे दुखतात, आणि आले असते तरी भाषण ऐकू आलं नसतं. म्हणून संयोजकांना विनंती आहे, हे स्मरणिकेत जरा मोठ्या अक्षरात छापा. ते चष्मा लावून वाचतील आणि आकड्यांत चूक सापडली तर मला कळवतील.

शास्त्राच्या बाईंना पुन्हा एकदा नमस्कार. पंप अजून शाळेत असेल तर जाताना मला एकदा दाखवा.